सतरा वारस आणि ०.९९९९: दशांशातून अपूर्णांक काढण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण वडोदऱ्यातल्या दांडिया बाजार भागातल्या एका जुन्या घराचं आहे. नावं, सिटी सर्व्हेचा नंबर आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत. हिस्से आणि निर्णयांचा क्रम मात्र होता तसाच ठेवला आहे. दशांश संख्येचा अपूर्णांक करून देणारा प्रोग्राम हा प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना पहिल्या काही आठवड्यांतच दिला जाणारा सराव आहे. इथे त्याच्या उत्तराखाली सतरा जणांच्या सह्या व्हायच्या होत्या. तेवढ्यासाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पार्श्वभूमी

आजोबांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतली आणि घर बांधलं. हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ साली आला. आजोबा त्यानंतर वारले, मृत्युपत्र न करता. मागे आजी, चार मुलगे आणि दोन मुली.

पुढची पन्नासेक वर्षं घर आजोबांच्याच नावावर राहिलं आणि माणसं एकेक करून गेली. दुसरा मुलगा आजीच्या हयातीतच गेला. त्याच्यामागे पत्नी आणि दोन मुलं. मग आजी गेल्या. नंतर थोरला मुलगा गेला, मागे पत्नी आणि तीन मुलं. सर्वांत धाकटा मुलगा गेला, मागे पत्नी आणि दोन मुली. थोरली मुलगी गेली, तिचे यजमान आधीच वारले होते, मुलं पाच. तिसरा मुलगा आणि धाकटी मुलगी हयात आहेत. सगळे धरून सतरा वारस.

हिश्शांचा तक्ता धाकट्या मुलीच्या यजमानांनी केला होता. घरात त्यांना सगळे अप्पा म्हणत. आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केलेले, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी कॅल्क्युलेटरवर हिशेब करून प्रत्येकाचा हिस्सा चार दशांश स्थळांपर्यंत वहीत उतरवला. कसा काढला ते कुठेही लिहिलं नाही. ते गेल्यावर वहीतले आकडे कुणीतरी एक्सेलमध्ये टाईप केले आणि वही हरवली.

तक्त्यात सहाच वेगवेगळे आकडे होते. हयात असलेल्या दोघांना प्रत्येकी ०.१७२६. थोरल्याच्या घरातल्या चौघांना ०.०४३२. धाकट्याच्या घरातल्या तिघींना ०.०५७५. थोरल्या मुलीच्या पाच मुलांना ०.०३४५. दुसऱ्या मुलाच्या पत्नीला ०.०३५७ आणि तिच्या दोन्ही मुलांना ०.०५०६. या दुसऱ्या मुलाच्या पत्नी म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या काकू. त्या पुढे पुन्हा येतील.

अडचण

घर विकायचं ठरलं तेव्हा खरेदीदाराच्या वकिलांनी कच्चा दस्तावेज वाचून दोन हरकती घेतल्या. पहिली, बेरीज ०.९९९९ येते, घर पूर्ण विकलं जात असेल तर उरलेला दहाहजारावा भाग कुणाचा? एक कोटीमागे तो हजार रुपये होतो. रक्कम किरकोळ आहे, पण मालक नसलेला हिस्सा दस्तावेजात चालत नाही. दुसरी हरकत जास्त नेमकी होती. हिस्से अपूर्णांकात लिहा आणि ते पेढीनाम्यातून, म्हणजे वारसांच्या वंशावळीतून, कसे आले ते दाखवा, असं त्यांनी सांगितलं. ०.०४३२ हा कुठल्याही बापाच्या मुलाला मिळणारा वाटा नाही. बाप गेला की त्याच्या वाट्याचे तीन होतात, चार होतात, पाच होतात. वाटणी नेहमी पूर्ण संख्येने भागूनच होते, तेव्हा उत्तरही अपूर्णांकच असलं पाहिजे.

तिसऱ्या मुलाचा मुलगा संगणकाच्या क्षेत्रात आहे. त्याला इथे पुतण्या म्हणतो, कारण काकूंचा तो पुतण्या. तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा प्रश्न सरळ होता: हे सहा दशांश अपूर्णांकात बदलून द्यायचे, पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत दहा ओळींचं काम.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय शाळेतला. चार स्थळं आहेत, म्हणजे छेद १००००. मग मसावि काढून संक्षेप करायचा. ०.०४३२ म्हणजे ४३२/१००००, म्हणजे २७/६२५. गणित चोख आहे, पण वकिलांची एकही हरकत फिटत नाही. बेरीज ९९९९/१०००० च राहते. शिवाय ६२५ म्हणजे पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच. या कुटुंबात पाचने भागण्याचा प्रसंग एकदाच आला, थोरल्या मुलीच्या घरी. थोरल्या मुलाच्या विधवेच्या वाट्यात पाचचा चौथा घात येईलच कुठून?

दुसरा पर्याय पुतण्याने करून पाहिलेला होता: एक्सेलमधला आकडा जसाच्या तसा वाचून पायथॉनच्या फ्रॅक्शन या अपूर्णांक करून देणाऱ्या सोयीला द्यायचा. उत्तरं सतरा-अठरा अंकी छेदांची आली. यात प्रोग्रामचं काही चुकलेलं नाही. संगणक हे आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून ठेवतो. १९८५ च्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे दुप्पट अचूकतेच्या संख्येच्या अंकांना ५३ बिट्स मिळतात. ज्या अपूर्णांकाचा छेद दोनचा घात नाही तो त्यात नेमका बसतच नाही. साधा ०.१ दिला तरी आत ३६०२८७९७०१८९६३९७/३६०२८७९७०१८९६३९६८ हा अपूर्णांक असतो. छेद म्हणजे दोनचा पंचावन्नावा घात. प्रोग्रामने तोच प्रामाणिकपणे दाखवला. तोच ०.१ अवतरण चिन्हांत, मजकूर म्हणून दिला तर उत्तर १/१० येतं. ज्याला दशांशांशी काम आहे त्याने संख्या मजकूर म्हणूनच आत घ्यावी, हे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

तिसरा पर्याय म्हणजे छेदावर मर्यादा घालून सर्वांत जवळचा अपूर्णांक मागायचा. पायथॉनमध्ये त्यासाठी लिमिट डिनॉमिनेटर ही तयार सोय आहे. मर्यादा १०० ठेवली तर ०.०४३२ साठी ४/९३ मिळतो. तो चार स्थळांपर्यंत लिहून पाहा: ०.०४३०. मूळ आकड्याशी जुळतच नाही! ही सोय दिलेल्या मर्यादेत जे सर्वांत जवळचं असेल ते आणून देते. ते पुरेसं जवळ आहे का, हे पाहणं तिचं काम नाही. अनेक ठिकाणी मी हे उत्तर तपासल्याविना पुढे गेलेलं पाहिलं आहे, आणि मला ते फार खटकतं.

चौथा पर्याय मी सुचवला. ०.०४३२ ही एक संख्या मानायचीच नाही. ती चार स्थळांना गोळाबेरीज केलेली आहे, म्हणजे खरी संख्या ०.०४३१५ ते ०.०४३२५ यांच्या दरम्यान कुठेतरी आहे. त्या पट्ट्यात बसणारा सर्वांत लहान छेदाचा अपूर्णांक शोधायचा. त्याची रीत इतकी सुंदर आहे की ती इथे करून दाखवतो. १/२४ पट्ट्याच्या खाली आहे, १/२३ वर आहे. दोघांच्या अंशांची बेरीज अंशात, छेदांची बेरीज छेदात: २/४७, म्हणजे ०.०४२५५, अजून खाली. त्यात पुन्हा १/२३ मिळवा: ३/७०, ०.०४२८६. पुन्हा: ४/९३, ०.०४३०१. पुन्हा: ५/११६, ०.०४३१०. पुन्हा: ६/१३९, ०.०४३१७. पट्ट्यात आलो. वाटेत एकही लहान छेद सुटत नाही, याची सिद्धता आहे. जर्मन गणिती श्टेर्न याने १८५८ मध्ये आणि पॅरिसचा घड्याळजी ब्रोको याने १८६१ मध्ये अशा अपूर्णांकांचं झाड स्वतंत्रपणे मांडलं. ब्रोकोला ते दातेरी चाकांच्या दात्यांची संख्या ठरवायला हवं होतं. भागाकाराच्या साखळीने हेच काम झटपट होतं. तशीच साखळी आर्यभटाच्या कुट्टकात आहे, इसवी सन ४९९ मधली.

पहिली फेरी: दोन बरोबर, चार चूक

पुतण्याने हा प्रोग्राम सहाही आकड्यांवर चालवला. ०.१७२६ चं २९/१६८ आलं. ०.०३५७ चं १/२८. ०.०४३२ चं ६/१३९, ०.०५७५ चं ५/८७, ०.०३४५ चं १/२९ आणि ०.०५०६ चं ४/७९.

सहाही उत्तरं चार स्थळांना मूळ आकड्यांशी जुळतात. १/२९ तर इतकं सुबक दिसतं की कुणालाही खरं वाटावं. पण सतरा जणांची बेरीज केली तर ०.९९९७ च्या आसपास येते, मूळ तक्त्यापेक्षाही वाईट. आणि १३९ आणि ७९ या मूळ संख्या आहेत. कुठल्याही घरात एका माणसाच्या वाट्याचे एकोणऐंशी भाग झालेले नाहीत.

इथे पहिला खरा निर्णय घ्यायचा होता. पुतण्याचं म्हणणं होतं की प्रोग्राम सुधारू या, आणखी हुशार रीत असेल. मी नको म्हटलं, कारण रीत कमी पडत नव्हती, माहितीच कमी होती. दोन वेगळ्या अपूर्णांकांचे छेद १०० च्या आत असतील तर त्यांच्यात किमान १/९९०० इतकं अंतर असतं. चार स्थळांचा पट्टा १/१०००० रुंद. म्हणजे छेद शंभराच्या आत आहे अशी खात्री असेल तरच चार स्थळं एकमेव उत्तर देतात. छेद हजारापर्यंत जाणार असेल तर सहा स्थळं हवीत. अप्पांनी दोन आकडे जास्त लिहिले असते तर सहाही अपूर्णांक पहिल्या फटक्यात मिळाले असते. न लिहिलेला आकडा प्रोग्राम परत आणू शकत नाही. ०.०४३२ च्या पट्ट्यात ६/१३९ आहे, ७/१६२ आहे, २७/६२५ आहे, असे अगणित आहेत. त्यातला घराचा कोणता, हे त्या चार अंकांत लिहिलेलं नाही. ते घराच्या इतिहासात आहे.

मग ठरलं की उलटं नाही, सुलटं जायचं. आजोबांपासून सुरुवात करून प्रत्येक मृत्यूला वाटे पाडत यायचं, सगळं अपूर्णांकात, मध्ये कुठेही दशांश न करता. शेवटी आलेले हिस्से चार स्थळांना लिहून अप्पांच्या आकड्यांशी ताडून पाहायचे.

बेरीज एक आली, तरी जुळलं नाही

पुतण्याने घरातल्या आठवणीप्रमाणे वारसांचं झाड मांडलं. आजोबांचे सात वारस, प्रत्येकी १/७. दुसऱ्या मुलाचा १/७ त्याच्या पत्नीत आणि दोन मुलांत, प्रत्येकी १/२१. आजींचा १/७ सहा शाखांत, प्रत्येकी १/४२. त्यामुळे हयात दोघांना १/७ अधिक १/४२ म्हणजे १/६. काकूंना १/२१, त्यांच्या मुलांना ५/८४. बेरीज बरोबर एक. आकडे छोटे, देखणे, आणि वकिलांनी मागितले तसे पेढीनाम्यातून आलेले.

पण ताडून पाहिल्यावर एकही जुळेना. १/६ म्हणजे ०.१६६७, तक्त्यात ०.१७२६. काकूंचे ०.०४७६, तक्त्यात ०.०३५७.

घरातल्या बऱ्याच जणांचं मत पडलं की अप्पांचं चुकलं असेल. त्यांची बेरीजही ०.९९९९ होती ना! हा युक्तिवाद मला पटत नव्हता. सतरा गोळाबेरजांत शेवटच्या स्थळावर एकाचा फरक पडणं अगदी स्वाभाविक आहे. उलट बेरीज एक येणं हा फार कच्चा पुरावा आहे. कुणाचा तरी वाटा चुकून दुसऱ्याला दिला तरी बेरीज एकच राहते.

इथे पहिल्या फेरीतलं एक उत्तर उपयोगी पडलं. २९/१६८. बाकीची चार उत्तरं निरर्थक होती, पण १६८ ची फोड पाहा: सात गुणिले सहा गुणिले चार. सात आजोबांचे वारस, सहा आजींच्या शाखा. मग हा चार कुठून आला? पुतण्याच्या झाडात दुसऱ्या मुलाच्या वाट्याचे तीन भाग होते. अप्पांच्या हिशेबात चार असले पाहिजेत. पत्नी, दोन मुलं आणि चौथं कोण?

चौथी आई. मुलगा गेला तेव्हा आजी हयात होत्या. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस असते, पत्नीच्या आणि मुलांच्या बरोबरीची. हे फार जणांच्या लक्षात राहत नाही, कारण मुलाच्या घरी वाटणी होते तेव्हा आईचा वाटा कुणी मागत नाही आणि आईही मागत नाही. कायद्याने मात्र तो तिला आपोआप मिळालेला असतो आणि तिच्यामागे पुढे वाटला जातो.

झाड पुन्हा मांडलं. दुसऱ्या मुलाच्या १/७ चे चार भाग, प्रत्येकी १/२८. आजींकडे १/७ अधिक १/२८ म्हणजे ५/२८. त्या गेल्यावर सहा शाखांना प्रत्येकी ५/१६८. हयात दोघांना २४/१६८ अधिक ५/१६८, म्हणजे २९/१६८. थोरल्याच्या घरी त्याचे चार, २९/६७२. धाकट्याच्या घरी तीन, २९/५०४. थोरल्या मुलीच्या घरी पाच, २९/८४०. काकूंना १/२८, त्यांच्या मुलांना १७/३३६. चार स्थळांना लिहून पाहिलं तर सहाच्या सहा आकडे सोळा आणे जुळले. बेरीजही एक.

अप्पांचा एकही आकडा चुकलेला नव्हता.

कुणी सांगायचं

गणित सुटल्यावर एक नाजूक गोष्ट समोर आली. आधीच्या झाडापेक्षा नव्या झाडात काकूंच्या घराचा वाटा कमी होत होता आणि बाकी पाचही शाखांचा वाढत होता. त्या पाचांत पुतण्याच्या वडिलांची शाखाही होती. म्हणजे ज्याने प्रोग्राम चालवला त्याच्याच घराला फायदा, आणि तोटा एका विधवेला.

पुतण्या भला माणूस आहे. तो म्हणाला, आधीचंच झाड ठेवू, काकूंना मिळू देत. त्याच्या भावनेचा मी मान ठेवतो, पण हा निर्णय त्याच्या एकट्याचा नव्हता आणि दस्तावेज भावनेवर लिहीत नाहीत. कुणाला आपल्या वाट्यातून काकूंना द्यायचं असेल तर ते वेगळं, उघडपणे, नोंदणी करून देता येतं. हिस्सा मात्र कायद्याने येतो तोच लिहायला हवा. प्रोग्रामचा कागद घेऊन पुतण्याने घरोघर जाऊ नये, असंही मी सुचवलं. कुटुंबाच्या वकिलांकडून लेखी अभिप्राय घेतला, मृत्यूच्या दाखल्यांवरून कोण आधी गेलं याचा क्रम पक्का केला, आणि तो अभिप्राय वकिलांनीच सर्वांसमोर वाचून दाखवला.

काकू शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा प्रश्न वेगळाच निघाला. "माझ्या मुलांना माझ्यापेक्षा जास्त कसं? आम्हाला तर एकाच माणसाकडून आलं ना?"

दशांशांत याचं उत्तर देणं जड गेलं असतं. ०.०३५७ आणि ०.०५०६ यांतला फरक ०.०१४९ होतो, पण तो कशाचा आहे ते त्यातून कळत नाही. आम्ही सगळ्या छेदांचा लसावि काढून ठेवला होता: १०,०८०. घराचे तेवढे समान भाग धरले की काकूंचे ३६०, मुलांचे प्रत्येकी ५१०. पुतण्याने कागदावर ५१० च्या खाली ३६० लिहिले, रेघ मारली आणि १५० दाखवले. "हे तीनशेसाठ काकांकडून, तुमचे आणि यांचे सारखेच. हे दीडशे आजीकडून आले."

"आणि मला सासूबाईंकडून नाही?"

वकिलांनी सांगितलं की स्त्रीच्या मालमत्तेला वेगळं कलम लागतं. आधी गेलेल्या मुलाची मुलं त्यात येतात, सून येत नाही. काकू क्षणभर त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मुलांना आजीचं मिळालं, ते बरोबर आहे. पण हे मला आधी कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं." त्यांनी तो कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

निष्पत्ती

दस्तावेजात प्रत्येक हिस्सा दोन प्रकारे लिहिला गेला. वकिलांना अतिसंक्षिप्त रूप हवं होतं, २९/६७२. घरातल्या वडीलधाऱ्यांना १०,०८० पैकी ४३५ भाग हे लगेच समजत होतं, कारण समान छेद असला की कुणाचे किती ते एका नजरेत ताडता येतं आणि बेरीज बोटांवर करता येते: १७४० चे दोन, ४३५ चे चार, ५८० चे तीन, ३४८ चे पाच, एक ३६०, दोन ५१०. एकूण १०,०८०. दस्तावेज गुजरातीत होता, पण आकडे सगळ्यांना वाचता आले. खरेदीदाराच्या वकिलांनी दोन्ही हरकती मागे घेतल्या.

पैसे वाटताना पुन्हा एक छोटा प्रश्न आला. किमतीला २९/८४० ने गुणलं की पैशांत पूर्णांक येतोच असं नाही. प्रत्येकाचा वाटा खालच्या पूर्ण पैशावर आणून, उरलेले पैसे ज्यांचा सांडलेला भाग मोठा त्यांना एकेक करून द्यायचे, असं ठरवलं. नियम आधी लिहून ठेवला, म्हणून वाद झाला नाही.

पुन्हा असं काम आलं तर

सर्वांत आधी तक्ता करणाऱ्याने हिस्सा अपूर्णांकात लिहावा, दशांश हवाच असेल तर शेजारच्या रकान्यात. एक्सेलमध्ये २९/१६८ टाईप करताना पेशीचा प्रकार मजकूर ठेवावा. ७/८ सारखी नोंद नुसती टाईप केली तर एक्सेल तिची तारीख करून टाकतो. आपल्याकडे रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असताना हिस्से आणे-पैत लिहीत. १९२ पैंचे तीन भाग नीट पडत, सात भाग तेव्हाही पडत नसत. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि तिसरे भागही नीट पडेनासे झाले. एकाच ठरावीक छेदात सगळे वाटे बसवायचा हट्ट जुना आहे, आणि वारसांची संख्या त्या छेदाला जुमानत नाही.

चौथ्या पर्यायातल्या प्रोग्राममध्ये मी आता दोन बदल सुचवतो. पट्ट्यातला सर्वांत साधा अपूर्णांक दिल्यावर जितकी दशांश स्थळं, दहाच्या तितक्या घातापेक्षा (चार स्थळांना १०,०००) त्याच्या छेदाचा वर्ग मोठा असेल तर उत्तराशेजारी "अनिश्चित" असं ठळक लिहून यावं. ६/१३९ ला हा शेरा मिळाला असता, कारण १३९ चा वर्ग १९,३२१ आहे. २९/१६८ लाही मिळाला असता, जरी ते उत्तर बरोबर निघालं. शेरा खोटेपणाचा नाही, पुरावा अपुरा असल्याचा आहे. १/२९ मात्र या चाळणीतून निसटतो. छेद लहान आहे, खरा हिस्साच मोठ्या छेदाचा होता. म्हणून दुसरा बदल: वापरणाऱ्याला संभाव्य छेद माहीत असेल तर तो देण्याची सोय असावी. १०,०८० दिला की ०.०३४५ गुणिले १०,०८० म्हणजे ३४७.७६. पट्टा धरला तर ३४७.२६ ते ३४८.२६. त्यात एकच पूर्णांक बसतो, ३४८, आणि तो संक्षेपाने २९/८४० होतो. सहाही आकडे या रीतीने सुटतात, पण अगदी काठावर, कारण पट्ट्याची रुंदी १०,०८० भागांत एकाहून किंचित जास्त भरते. छेद याहून मोठा असता तर काही पट्ट्यांत दोन-दोन पूर्णांक बसले असते.

कामाचा क्रमही उलटा ठेवता आला असता. पेढीनामा, मृत्यूचे दाखले आणि वकिलांचा अभिप्राय आधी, प्रोग्राम मागाहून. त्यातली तारखांची पडताळणी तर पहिल्या दिवशीच व्हायला हवी. दुसरा मुलगा आजींच्या आधी गेला की नंतर, एवढ्या एका गोष्टीवर सतराही हिस्से बदलतात. तो नंतर गेला असता तर काकूंना आणि त्यांच्या मुलांना प्रत्येकी १/१८ मिळाला असता, आणि दीडशेचा प्रश्नच आला नसता.

पुतण्याने केलेल्या नव्या तक्त्यात आता प्रत्येक ओळीत पाच रकाने आहेत: वारस, कुणाकडून आला, त्या व्यक्तीच्या मृत्यूची तारीख, त्या वेळी किती भाग पडले, आणि अपूर्णांक. दशांशाचा रकाना त्याने ठेवलेला नाही.